भागोजीचा उतार आणि येसूबाईचा विळा

पोलादपूरला एस.टी.तून उतरून दोन तास चढलं की लागणाऱ्या एका वाडीत मी १९७३ च्या जूनमध्ये शाळामास्तर म्हणून हजर झालो. तेरा वर्षं तिथं काढली. पुढं मोठ्या शाळा मिळाल्या, पण त्या वाडीसारखं घर कुठं झालं नाही. वाडीची आठवण निघाली की आधी भागोजी दिसतो. कमरेच्या लाकडी आकडीला कोयता, पायांत काही नाही, आणि बोलणं अगदी बेताचं.

तो तेव्हा चाळिशीचा होता. भाताची चार खाचरं आणि वाडीच्या डोक्यावरचा एक डोंगरउतार, एवढी त्याची मालमत्ता. उतारावर पूर्वी ऐन-किंजळीचं दाट रान होतं. बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं ते एका कोळसेवाल्याला तोडायला दिलं. दोन उन्हाळ्यांत उतार बोडका झाला. पायथ्याशी झरा होता. म्हातारी माणसं सांगत, तो आटलेला कुणी पाहिला नव्हता. त्याचंच पाणी पऱ्यानं, म्हणजे ओहोळानं, खालच्या बौद्धवाडीकडं जाई. मी हजर झाल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात झरा होळीआधी आटला. दोन्हीकडच्या बाया हंडे घेऊन नदीपर्यंत उतरू लागल्या.

भागोजीला कुणी काही बोललं नाही. बोलली ती त्याची बायको, बनुबाई. दोन हंडे उतरवून ती एवढंच म्हणाली, "झाडं इकलीत, त्यांच्यासंगं पानी पन गेलं."

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला. "गुरुजी, झरा कवा आटतो त्ये वहीत लिवून ठेवाल काय? माज्या ध्यानात ऱ्हायाचं नाय." मी लिहिलं : २ मार्च १९७४.

त्या पावसाळ्यात ऐनाच्या बुंध्यांना फुटवे आले आणि भागोजीनं उतार बंद केला. करवंदीच्या काट्यांची वई घालून सगळीकडनं कुंपण केलं. गुरं नाहीत, भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, डहाळ्या तोडणं नाही, गवताची काडीसुद्धा न्यायची नाही. बौद्धवाडीतली येसूबाई तिथं कैक वर्षं गवत कापायची. नवरा गेलेला, घरात एक म्हैस. तिलाही त्यानं वईपासून परत पाठवलं. "औंदापासनं हितं विळा लावायचा नाय." ती विळा कमरेला खोचून वळली. मी तिथंच होतो आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. रानाला हात लावला नाही की ते आपोआप सावरतं, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

तीन वर्षं तसं दिसतही होतं. रविवारी तो मला वर न्यायचा, एकेका फुटव्याला हात लावून सांगायचा, "ह्यो गेल्या साली गुडघ्याएवढा व्हता." फुटवे छातीला लागले. १९७७ साली झरा २१ मार्चपर्यंत टिकला.

त्याच एप्रिलमध्ये पलीकडच्या डोंगराच्या दांडावर कुणीतरी राब भाजत होतं. भर दुपारी वारा फिरला आणि ठिणगी इकडं आली. तीन वर्षांचं न कापलेलं गवत कमरेइतकं वाढून कडकडीत वाळलं होतं. भागोजी, बनुबाई, मी आणि आणखी दोघं, ओल्या डहाळ्यांनी झोडपत राहिलो. बाकीचे आपापल्या घरांकडं आणि पेंढ्याच्या उडव्यांकडं धावले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. वर त्यांचं होतं काय? तासाभरात सगळं काळं झालं. भागोजीच्या भुवया जळल्या होत्या. तो म्हणाला, "जाऊं दे गुरुजी. ह्ये आपल्यानं व्हायाचं नाय."

आठ दिवस तो वर गेलाच नाही. नवव्या दिवशी गेला आणि धापा टाकत मला बोलवायला आला. झऱ्याच्या वरच्या अंगाला, आम्ही कधी फिरकत नसू त्या करवंदीच्या जाळीआड, चाळीसेक पावलांची एक पट्टी जळली नव्हती. फुटवे पानांसकट उभे, आणि त्यांच्यामधलं गवत विळ्यानं साफ कापलेलं. कुणी कापलं असेल ते ओळखायला वेळ लागला नाही.

आम्हाला अंगणात पाहून येसूबाई उभी राहिली. "चुकलं दादा. म्हस उपाशी ऱ्हायाची. पहाटंचा एकेक भारा न्हेला."

भागोजी तिच्या ओट्यावर बसला. वरच्या वाडीतलं कुणी तिथं बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यानं पाणी मागितलं. ती क्षणभर थांबली, मग तांब्या घेऊन आली. पाणी पिऊन त्यानं विचारलं, "कवापासनं कापत व्हतीस?"

"दिवाळीपासनं."

"आनि फुटव्यांना विळा कसा लागला नाय?"

"गवत कापताना फुटवा कापायचा नसतो, येवढं कळतं मला," ती जराशी रागावूनच म्हणाली. "डाव्या हातानं बाजूला धरायचा, मंग विळा फिरवायचा."

"औंदा समद्यांना दाखव," भागोजी म्हणाला. मग माझ्याकडं वळून, खाली बघत : "मीच तीन वर्सं जळान रचलं, गुरुजी."

त्या दिवाळीपासून दोन्ही वाड्यांना गवत खुलं झालं. विळा चालेल, गुरं नाहीत. राबाच्या डहाळ्यांसाठी उताराचे तीन भाग केले. दरसाल एकाच भागाला कोयता. १९८० साली पुन्हा वणवा आला तेव्हा तीसेक माणसं धावली, कारण त्यांचे भारे अजून वर होते. आग कापलेल्या कडेशी येऊन थांबली.

तरी चुका होतच राहिल्या. एका बुंध्यावर सात-आठ फुटवे ठेवले ते सगळेच काटकुळे राहिले; दोन ठेवून बाकीचे काढायचे, हे कळायला चार वर्षं गेली. १९८४ साली वहीत ६ मे लिहिलं. पाऊस लागेपर्यंत झरा वाहतोय, असं मात्र मी असेतोवर कधी झालं नाही.

८६ साली माझी बदली वीर गावाजवळच्या शाळेत झाली. वाडीतली तरणी पोरं तोवर महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाऊ लागली होती, गवत कापायला हात कमी पडत होते. दोन वर्षांनी थंडीत मी मुद्दाम वाडीवर गेलो. भागोजीनं वई एका ठिकाणी उघडली होती आणि आत त्याच्या दोन गाई चरत होत्या. मी चमकलो.

"झाडं आता डोक्यावर गेली," तो म्हणाला. "शेनानं जमीन सुदरंल काय, बघतो. एकाच भागात सोडलीत."

"आणि बिघडलं तर?"

"तर फुडल्या साली नाय सोडायची."

आम्ही ऐनाच्या सावलीत बसून बनुबाईनं दिलेली तांदळाची भाकरी खाल्ली. उन्हं कलली तसा तो उठला आणि गाईंना हाका मारत वर गेला.