दूध सांडलं, तेही सांगा

निजामाच्या जुन्या राजधानीत, नारायणगुड्याजवळच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. देशात नवं आर्थिक धोरण आलं होतं. त्याचा अर्थ आम्हाला पेपरातून कमी आणि रस्त्यावरून जास्त कळत होता. दुकानांच्या वरच्या मजल्यांवर जिथे टायपिंग आणि शॉर्टहँड शिकवत, तिथे कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या. माझ्या वर्गातले बाक दरवर्षी थोडे थोडे रिकामे होत गेले. शेवटी प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, यंदा मुलं आली नाहीत तर ही शाखा मला चालवता येणार नाही," ते म्हणाले. माणूस भला होता, बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. "मराठी पालकांची एक सभा आहे, दहावी-बारावीनंतर काय घ्यायचं त्यावर. कॉम्प्युटरवाले बोलणार, कॉमर्सवाले बोलणार. तुम्हीही बोला."

मी आठवडाभर खपून भाषण लिहिलं. इतिहास माणसाला सुसंस्कृत करतो, मुळांशी जोडतो, अशी वाक्यं होती त्यात. विद्यानगरच्या आमच्या घरात, जेवणं झाल्यावर, नवऱ्याला वाचून दाखवलं. तो सरकारी कारखान्यात इंजिनिअर. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. पण हे ऐकून कुणी आपलं पोर इतिहासाला घालणार नाही. तुझ्याकडे शिकून कुणाचं काही झालंय का, ते सांग ना."

तेव्हा मला माझी एक विद्यार्थिनी आठवली.

ती गौलीगुड्यातली. तिचे आजोबा निजामाच्या काळात बीदरकडची शेती सोडून शहरात आले होते, वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना शहरात दंगल झाली आणि कर्फ्यू लागला. सकाळी थोडा वेळ सूट मिळायची, तेवढ्यात लोक दूध, भाजी घेऊन घरात परतायचे. अशाच एका सकाळी त्यांच्या गल्लीत बातमी आली की दुधात विष कालवलंय आणि मागच्या गल्लीत एक मूल मेलं. त्यांच्याकडे दूध घालणारा माणूस मुसलमान होता, नदीपलीकडून सायकलवर यायचा. कर्फ्यूतही आला होता. लोकांनी त्याला सायकलवरून खाली ओढलं.

कर्फ्यू उठून कॉलेज सुरू झालं, तेव्हा तिने हे मला सांगितलं. म्हणाली, "मॅडम, मला काही सुचेना. तुम्ही शिकवलं होतं ना, सांगणाऱ्याने स्वतः पाहिलंय का, की ऐकलंय, ते आधी विचारायचं. तेवढंच आठवलं. मी विचारत सुटले. मूल कुणाचं? तुम्ही बघितलं? कुणी सांगितलं तुम्हाला?" एकाने दुसऱ्याचं नाव घेतलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. बघितलं कुणीच नव्हतं. वडिलांना बरोबर घेऊन ती मागच्या गल्लीत गेली. त्या घरातल्या पोराला ताप होता. उंबऱ्यावर बसून ते चहात पाव बुडवून खात होतं.

सभेच्या आदल्या दिवशी मी तिला निरोप पाठवून बोलावलं आणि विचारलं, "हे मी सगळ्यांसमोर सांगू का? तुझं नाव घेणार नाही."

"सांगा," ती म्हणाली. "पण मला झाशीची राणी करू नका. मी परत येईपर्यंत त्याला मारून झालं होतं. कपाळ फुटलं होतं. कॅन उपडे केले होते, दूध सांडलं होतं सगळं. तेही सांगा."

सभेला हॉल भरला होता. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेली कुटुंबं पुढच्या रांगांत, पिढ्यान्‌पिढ्या इथेच मुरलेली मंडळी मागे. कॉम्प्युटर क्लासचे गृहस्थ आधी बोलले. परदेश, पगार, कंपन्या. लोक कान टवकारून ऐकत होते. मग मी उठले. दोन वाक्यं झाली असतील, तोच पुढच्या रांगेतल्या एका पालकांनी हात वर केला.

"मॅडम, राग मानू नका. तुमची स्वतःची मुलगी काय घेणार आहे?"

आमची मुलगी तेव्हा दहावीला होती. तिचं ठरलं होतं आणि आम्ही मोडता घातला नव्हता.

"ती कॉम्प्युटरला जाणार म्हणते," मी म्हटलं.

हॉल हसला. मोठमोठ्याने नाही, पण सगळा हसला. लिहिलेले कागद मी टेबलावर पालथे ठेवले.

"तिला ते आवडतं, म्हणून ती जाईल," मी म्हटलं. "ज्याला इतिहास आवडतो त्याने इतिहासाला यावं, एवढंच मागायला मी आलेय. तिथे काय शिकतात, ते एका मुलीवरून सांगते."

आणि मी सांगत गेले. कर्फ्यूचं नाव निघताच मागच्या रांगांतली कुजबूज थांबली. त्यातल्या पुष्कळांनी ते दिवस दारं लावून काढले होते. पावाचा तुकडा खाणाऱ्या पोरापर्यंत आले, तेव्हा लोकांचे चेहरे मोकळे झालेले मला दिसले. कुणीतरी टाळी वाजवायला हात उचललेही. तिथे थांबले असते तर चाललं असतं.

मी थांबले नाही. म्हटलं, "पण ती पोचली तेव्हा उशीर झाला होता. तो माणूस रक्त पुसत म्हणत होता, 'अम्मा, मेरे बच्चे भी येइच दूध पीते.' लोकांनी त्याला सोडलं, जिवानिशी गेला नाही. पण त्या गल्लीत तो पुन्हा कधी आला नाही. माफी कुणी मागितली नाही."

टाळ्या झाल्या नाहीत. लोक खाली बघत बसले. पुढचे वक्ते उठले, फीची चौकशी सुरू झाली आणि सभा पुन्हा सभेसारखी झाली.

घरी येताना स्कूटर चालवता चालवता नवरा म्हणाला, "त्या पोराशी थांबली असतीस, तर हॉल तुझा होता."

"माहीत आहे."

"मग?"

"अर्धं सांगायचं असतं, तर इतिहास कशाला शिकवला असता?"

सिग्नलला त्याने स्कूटर थांबवली. मागे वळून म्हणाला, "बरोबर केलंस."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात एक बाई मला शोधत आली. सभेत मागे बसली होती. नवरा बस डेपोत कारकून, मूळ गाव उदगीरकडे. पदर सारखा करत म्हणाली, "बाई, आमच्या पोरीला गणित जमत नाही. इतिहासाला घालू का?"

"गणित जमत नाही म्हणून नका घालू. तिला शंका येतात का? विचारते का काही?"

"हौ! लई विचारते. घरात सगळे परेशान हैत तिच्यापायी."

"मग पाठवा," मी म्हटलं.

ती मुलगी आली. तिच्याबरोबर आणखी काही आल्या, शाखा चालवण्यापुरत्या. पहिल्याच महिन्यात पुस्तकातलं एक वाक्य मी वाचून दाखवत होते, 'लोकांनी नव्या राजवटीचं स्वागत केलं.' मागून तिचा आवाज आला, "कुठल्या लोकांनी, मॅडम? सगळ्यांनी?" त्या तासाला पुढचा धडा झालाच नाही.

तरी ती बॅच बाहेर पडल्यावर दोनेक वर्षांत शाखा बंद झाली. प्राचार्य स्वतः स्टाफरूममध्ये सांगायला आले. वर्गाच्या भिंतीवरचे नकाशे आम्ही गुंडाळून लायब्ररीत ठेवले, आणि त्या खोलीत कॉम्प्युटर आले. निवृत्तीपर्यंत मी कॉमर्सच्या मुलांना एक सक्तीचा पेपर शिकवला. माझी मुलगी परदेशी गेली, आनंदात आहे.

एकदा नारायणगुड्याच्या बाजारात ती उदगीरची बाई भेटली. भाजीची पिशवी खाली ठेवून तिने माझे हात धरले. मुलगी परीक्षा देऊन बँकेत लागली होती.

"तुमच्या इतिहासानं नाही लागली हां, बाई," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "वेगळा क्लास लावला होता त्याला."

"असणारच," मी म्हटलं.

"पण सासरी पण विचारतेच. कुणी काय सांगितलं की, तुम्ही बघितलं का, म्हणते. सासू म्हणते, हिला कुणी शिकवलं हे?"

ती हसली नाही, मीही हसले नाही. मी तिची पिशवी उचलून तिच्या हातात दिली. मग तिची बस आली.