ताटावर आडवा हात

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीतली खानावळ पाडून तिथं चार मजली इमारत उभी राहिली. वर फ्लॅट, खाली एसी हॉटेल. कट्ट्यावर आम्ही महिनाभर चिडचिड केली. "पेठेची पार रया गेली," म्हणणाऱ्यांत माझाच आवाज मोठा होता. पण खानावळीच्या शेवटच्या काही वर्षांत आमच्यातलं जेवायला कोण जात होतं? दर रविवारी पोरंबाळं घेऊन आम्ही हायवेवरच्या हॉटेलांत नंबर लावून उभे असायचो.

पूर्वी आम्ही जायचो तेव्हा खानावळ चालवणाऱ्या अक्का स्वतः कडक भाकरी वाढत फिरायच्या. नको असेल तर ताटावर हात आडवा धरायचा. अक्का तो हात बाजूला सारायच्या. "एवढ्यात कुटं झालं? घ्या की," म्हणत अर्धी भाकरी आणि वर शेंगाचटणी वाढायच्याच. ते ठाऊक असल्यामुळं आम्ही भूक शिल्लक असतानाच हात आडवा धरायचो.

परवा शेवटी त्या नव्या हॉटेलात गेलो. मेन्यूत 'सोलापुरी थाळी' होती, ती मागवली. वेटर दुसरी भाकरी घेऊन आला आणि सवयीनं माझा हात आडवा गेला. "ओके सर," म्हणून तो पुढच्या टेबलाकडं वळला. मी अर्धपोटी उठलो.

त्याचं तरी काय चुकलं? "आता बंदच करते खानावळ," असं अक्का कट्ट्यावर येऊन सांगून गेल्या होत्या, तेव्हा त्यांचाही हात असाच आडवा होता. आम्ही "बरं" म्हणालो आणि पुन्हा गप्पांकडं वळलो.