प्रात्यक्षिक मुलग्यांचं

आमच्या भिवंडीच्या शाळेत नववीला नाट्य हा विषय सुरू झाला तेव्हा सगळ्यात आधी नाव मी दिलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे हेडमास्तर सगळीकडे सांगत सुटले की मुलींना नाटकाची आवडच नाही. आवड नाही म्हणे! अर्ध्या वर्गाएवढ्या तर आम्ही मुलीच होतो.

लेखी सगळ्यांना सारखी होती. नाटकाचे प्रकार, अभिनयाचे प्रकार, सगळं घोकून मी चाचणीत पहिली आले. मग प्रात्यक्षिकाची वेळ आली आणि हेडमास्तरांनी वर्गात येऊन जाहीर केलं की स्टेजवर मुलगे उभे राहतील. मुलींनी कपडे, रंगभूषा आणि प्रॉम्प्टिंग बघायचं. का, तर पालक काय म्हणतील! कुठल्या पालकांना विचारलं होतं हो? माझे वडील कापडाच्या लूमवर ड्युटीला, त्यांना शाळेतून कधी कुणी काही विचारलं नाही. आईला मीच विचारलं. ती भाकरी थापत म्हणाली, "कर की. शाळेतच हाय ना? पळून थोडीच चाललीस?"

मी दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना सांगितलं, "सर, माझी आई हो म्हणाली."

"तुझी म्हणेल गं," ते म्हणाले. "बाकीच्यांचं काय?"

आता बाकीच्यांच्या आयांना मी विचारत फिरू?

नाटक आमच्या नाट्याच्या सरांनीच लिहिलं होतं. नवऱ्याची शिफ्ट सुटलेली आहे, तो घरी आलेला नाही, आणि बायको दारात उभी राहून एकटीच बोलते आहे. सगळं नाटक त्या बाईचं. ती बाई होणार होता आमच्या वर्गातला एक मुलगा, कारण त्याचा आवाज अजून फुटला नव्हता. वर सर मला म्हणाले, "तू याला जरा बायकांसारखं चालायला शिकव." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण शिकवलं. ते भाषण मला एवढं आवडलं होतं की निदान शिकवताना तरी ते माझ्या तोंडात येईल, असं वाटलं.

तो कमरेला झोके देत चालायचा. "अरे, बाई आहे ती, बदक नाही!" मी ओरडायचे. वडील उशिरा यायचे तेव्हा आई रडायची बिडायची नाही. पदर सारखा करायची, दाराकडे बघायची, पुन्हा पदर सारखा करायची. तेवढंच. ते मी त्याला करून दाखवलं.

तो बघतच राहिला. "तूच कर ना यार. माझ्यापेक्षा भारी करतेस."

"करू देतायत का मला?" मी म्हटलं.

शाळेच्या भिंतीला लागूनच लूमचा कारखाना होता. एरवी त्या खटखटाटात सरांनासुद्धा ओरडून शिकवावं लागायचं. शुक्रवारी लूम बंद, म्हणून प्रात्यक्षिक शुक्रवारी ठेवलं. ठाण्याहून एक परीक्षक आले. हेडमास्तर त्यांना चहा देत होते आणि मी विंगेत संहिता घेऊन उभी होते, अगदी हाताच्या अंतरावर. परीक्षकांनी विचारलं, "मुली नाहीत का नाटकात?"

"आहेत ना!" हेडमास्तर म्हणाले. "पडद्यामागे. त्यांना तेच आवडतं."

तेच आवडतं! मी तिथे उभी होते, ऐकत होते, आणि हा माणूस माझी आवड सांगत होता.

नाटक सुरू झालं. मी नेसवलेल्या साडीत तो बरा चालला, बराच बरा. आणि भाषणाच्या मध्यावर अडकला. त्याने हळूच माझ्याकडे बघितलं. पुढचं वाक्य मला पाठ होतं, अख्खं नाटक पाठ होतं. मी तोंड मिटून घेतलं. नाही सांगणार, म्हटलं. पडद्यामागचंच आवडतं ना मला? मग बघा पडद्यामागून काय होतं ते. पडू दे, आपटू दे सगळं.

खाली कुणी खोकलंसुद्धा नाही. लूम बंद, त्यामुळे बाहेरूनही आवाज नाही. काही सुचेना म्हणून त्याने पदर सारखा केला. दाराकडे बघितलं. पुन्हा पदर सारखा केला. मग कुठून तरी ते वाक्य त्याला आठवलं आणि नाटक पुढे गेलं.

पडदा पडल्यावर परीक्षक उठून उभे राहिले. "तो मधला पॉज!" ते म्हणाले. "एवढ्याशा पोराला हे सुचतं कसं?" नाट्याच्या सरांची छाती फुगली. त्याला सगळ्यात जास्त मार्क पडले. मला निऱ्या नीट काढल्याबद्दल काठावर पास केलं.

सगळे गेल्यावर मी सरांना गाठलं. "सर, तो पॉज माझा होता."

सर हसले. "अगं वेडे, पॉज काय कुणाचा असतो?"

तेव्हा मी साडीची घडी घालत गप्प राहिले. आज गप्प राहणार नाही. असतो, सर. त्या अख्ख्या नाटकात माझं असं तेवढंच होतं, आणि तेही तुम्ही त्यालाच दिलंत.