निसार मिस्त्रींचं वाळवंट

निसार मिस्त्री वाळवंटाविषयी बोलायला लागले की समोरचा माणूस नकळत पाण्याचा तांब्या शोधू लागे. स्वतः मिस्त्री उत्तरेला धुळ्याच्या पुढे आणि दक्षिणेला सिन्नरच्या पुढे कधी गेलेले नव्हते. पण न पाहिलेल्या मुलखाविषयी माणूस जास्त मोकळेपणानं बोलतो, आणि मिस्त्री तर मुळातच मोकळे.

भद्रकालीच्या मागच्या बाजूला त्यांची पत्र्याची शेड होती. १९३४ साली नाशकात ज्यांच्याकडे मोटार होती, त्यांना ही शेड ठाऊक होती. कारण मोटार आहे म्हटल्यावर ती बंद पडणार, आणि बंद पडली म्हटल्यावर बैल लावून ती इथंच येणार. मिस्त्री बॉनेट उघडून आत कान लावत, डोळे मिटत आणि डॉक्टरसारखे विचारत, "कधीपासून खोकते?"

या माणसानं आयुष्यात एकच मोठा शब्द दिला होता, आणि तोही चुकीच्या वयात. त्यांची बायको जहिदा मारवाडातली, पोकरणच्याही पलीकडच्या एका वाळूतल्या खेड्यातली. वडील वारले तेव्हा ती इगतपुरीला मामांकडे आली. मामा रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकत. निकाह तिथंच झाला. लग्नाला आलेली तिची अम्मी परत निघाली तेव्हा लेक रडत होती, आणि ते न बघवून एकोणीस वर्षांचा नवरदेव बोलून गेला, "रडू नका. तुमच्या लेकीला मी मोटारीतून माहेरी आणीन."

त्या वेळी मिस्त्रींना मोटार नुसती पुसायची परवानगी होती. सासूबाईंनी मोटार पाहिलेली नव्हती. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "तिला चारा किती लागतो?"

त्याला सतरा वर्षं झाली होती. मोटार तयार होती. म्हणजे इंजिन एका साहेबाच्या गाडीचं, चाकं दुसऱ्याच्या, दारं तिसऱ्याची आणि हॉर्न कुणाचा ते मिस्त्री सांगत नसत. बेतही तयार होता. शेडच्या आतल्या भिंतीवर त्यांनी खडूनं रस्ता काढला होता: दाराशी नाशिक, हातोड्यांच्या फळीपाशी धुळे, टायरच्या खुंटीला इंदूर, मग रतलाम, चितोड, जोधपूर आणि पार वरच्या कोपऱ्यात, शिडी लावल्याशिवाय हात पोचणार नाही अशा जागी, जहिदाचं गाव. दर पावसाळ्यात छप्पर गळे आणि रतलाम वाहून जाई. मग मिस्त्री दसऱ्याला नवा खडू आणून ते पुन्हा वसवत. परतीचा रस्ता मात्र त्याच भिंतीवर मोटारीच्या हिरव्या रंगानं, चांगला बोटभर जाड काढलेला होता. त्याचं पावसाला काही करता येत नसे.

बेताला एक सल्लागारही होते. हवालदार मोतीराम लढाईत इराकातल्या बसऱ्याकडे जाऊन आलेले, तेव्हा वाळवंट म्हणजे त्यांचा विषय. "चाकात हवा गच्च भरा मिस्तरी, दगडासारखी," ते सांगत. "वाळू मऊ असते. तिला दाब दाखवला पाहिजे." मिस्त्री हवा भरत. हवालदारांनी सांगितलं म्हणून घरात तहानेची तालीमही झाली. दर शुक्रवारी नमाजनंतर सूर्य मावळेपर्यंत माणशी एक तांब्या पाणी. मिस्त्री आपला तांब्या पहिल्या घटकेत संपवून उरलेली दुपार चिडचिड करत. चौदा वर्षांची सुरय्या पुरवून पुरवून पिई. जहिदा सरळ माठातून घेई.

"हे वाळवंटात चालणार नाही," मिस्त्री म्हणत.

"वाळवंटात असा माठ असता तर तिथंही प्याले असते," जहिदा म्हणे.

ती वाळवंटात जन्मली होती, तिथं सोळा वर्षं वाढली होती. पण वाळवंटाविषयी तिला काही विचारावं असं मिस्त्रींच्या कधी मनात आलं नाही. घरातल्या बायकोला विचारायचं ते मीठ कुठं ठेवलं हे.

त्या वर्षी माघात माहेरचं पत्र आलं. अम्मीनं गावच्या मौलवींकडून लिहवून घेतलं होतं: डोळ्यांवर पडदा येतो आहे. उजव्या डोळ्यानं दिसायचं थांबलं. डाव्यानं थोडं दिसतं. ते आहे तोवर तोंड दाखवून जा.

जहिदानं पत्र घडी करून कुराणाच्या वेष्टनात ठेवलं आणि भाकरीला बसली. जेवताना मिस्त्री म्हणाले, "जोधपूर संस्थानाकडून अजून परवाना आला नाही. शिवाय पेट्रोलच्या डब्यांना नवी झाकणं..."

"सुरय्याचे अब्बा," ती म्हणाली, "शुक्रवारी गाडी निघाली तर गाडीतून. नाही निघाली तर मी आणि सुरय्या शनिवारी रेल्वेत बसतो. फलोदीपर्यंत रेल्वे, पुढं उंट. तुमची झाकणं होऊ दे निवांत."

रेल्वे हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नसे. मिस्त्रींचा घास हातातच राहिला. सुरय्या म्हणाली, "अब्बा, भाजी निवतेय."

घास ताटात ठेवून ते म्हणाले, "बुधवारी गाडी वाळूत घालून बघतो. चालली तर शुक्रवारी नमाज झाली की निघू."

"आणि रुतली तर?"

"रुतणार नाही. हवालदार सोबत आहेत."

दसकजवळ गोदावरीचं पात्र रुंद होतं, आणि माघात अर्ध्याहून अधिक पात्र कोरडी वाळू. बुधवारी सकाळी तिथं गाडी आली. पूर्ण सामान, पेट्रोलचे डबे, पाण्याची पिंपं, वळकट्या, मागे जहिदा आणि सुरय्या, पुढं हवालदार छाती काढून. काठावरून पाहणाऱ्यांना वाटलं, कुणीतरी गाव सोडून चाललं आहे, आणि रस्ता चुकलं आहे.

मिस्त्रींनी बिस्मिल्ला म्हणून गाडी वाळूत घातली. पहिली पंचवीस पावलं ती राजासारखी गेली. मग डावीकडे ओढली, एक काटेरी कुंपण मोडून आत शिरली आणि शांतपणे बसली. मिस्त्रींनी जोर दिला तशी चाकं गरगर फिरली आणि गाडी आणखी खाली गेली. ती बसली होती ती भाजी विकणाऱ्या गोजराबाईच्या टरबुजांच्या वाडीत.

गोजराबाई हातात घागर घेऊन आली. तिनं गाडीला एक फेरी घातली.

"मिस्तरी, हे काय लावलंय माझ्या वाडीत?"

"तालीम आहे, गोजराबाई. वाळवंटाची."

"मग वाळवंटात घ्या की. इथं माझी टरबुजं हायेत."

हवालदार खाली उतरले, चाकांकडे पाहिलं आणि घसा साफ केला. "मिस्तरी, खरं सांगायचं तर मी सगळी लढाई बोटीवर होतो. नदीतून. वाळवंट दिसायचं, पण लांबून."

मिस्त्री वाळूतच बसले. समोर नदी वाहत होती, आणि त्यांना दिसत होती ती शनिवारची रेल्वे.

जहिदा गाडीतून उतरली. ओढणी कमरेला खोचून ती चाकापाशी वाकली, रबरावर अंगठा दाबून पाहिला.

"अहो, उंटाचा पाय पाहिलात कधी?"

"सर्कशीत पाहिला होता."

"खाली टेकला की पसरतो, भाकरीसारखा. म्हणून रुतत नाही. तुमचं चाक बैलाच्या खुरासारखं टणक. वाळूला दाब दाखवून काय होणार? ती काय तुमची नोकर आहे?"

मिस्त्रींनी चाकाकडे पाहिलं, मग बायकोकडे. सतरा वर्षांत प्रथमच ते तिच्याकडे बॉनेट उघडल्यासारखे लक्ष देऊन बघत होते. मग ते गुडघ्यांवर रांगत चारी चाकांपाशी गेले आणि अर्धीअधिक हवा सोडली. चाकं खाली पसरली, भाकरीसारखी. सुरय्या आणि हवालदारांनी मागून रेटा दिला, गोजराबाईनंही दिला, तिला गाडी वाडीतून जायला हवीच होती. गाडी कण्हली, हलली आणि हळूहळू चालत काठावर आली.

आता चाकांत पुन्हा हवा भरायची होती. मिस्त्री हातपंप मारू लागले. जहिदा शेजारी उभी होती.

"एक विचारू? भिंतीवर जायचा रस्ता खडूचा आणि यायचा रंगाचा, असं का?"

पंप थांबला. मिस्त्री कपाळ पुसत राहिले.

"तू तिथं गेलीस," ते म्हणाले, "अम्मीला बघितलंस, आणि म्हणालीस की आता मी इथंच राहते, तर? सुरय्याला अजून भाकरी थापता येत नाही."

"येते," सुरय्या म्हणाली.

"गोल येत नाही."

जहिदा हसली नाही. हसली असती तर मिस्त्री पुढं कधी खरं बोलले नसते. "म्हणून सतरा वर्षं झाकणं करत बसलात," ती म्हणाली. "आज सकाळी मी गिरणीत दळण टाकून आले आहे, पंधरा दिवसांनी न्यायला येते म्हणून सांगून. राहायला जाणारी बाई दळण टाकून जाते का?"

मिस्त्रींनी यावर विचार केला. त्यांना ते पटलं, पण दळण म्हणजे तसं कच्चं बंधन.

तेवढ्यात मोडलेले वेल मोजून गोजराबाई आली. "अकरा वेल गेले. त्याचं काय?" तिनं जहिदाला विचारलं, या घरात कुणाला विचारायचं ते तिला कळलं होतं. "तुझ्या माहेराला वाळूत काय पिकतं गं?"

"मतिरे. टरबुजासारखेच. वरून पाणी घालावं लागत नाही, पडला तेवढा पाऊस पुरतो."

गोजराबाईनं कमरेवरची घागर खाली ठेवली. तीस वर्षं ती नदीतून घागरीनं पाणी आणून वेलांना घालत होती. "बिनपाण्याचं? मग मला त्याचं बी पाहिजे. ओंजळभर. होळीच्या आत आणून द्यायचं, नायतर मी शेडमध्ये येऊन बसेन."

"आणते," जहिदा म्हणाली.

मिस्त्रींचा चेहरा असा उजळला की हवालदारांना वाटलं, उन्हाचा त्रास झाला. त्यांनी पंप हातात घेतला आणि राहिलेली तीन चाकं एका दमात भरली.

शुक्रवारी नमाजनंतर गाडी निघाली. झाकणं जुनीच होती आणि जोधपूरचा परवाना आलाच नव्हता. आग्रा रोडवर गोजराबाई भाजीची पाटी घेऊन उभी होती. तिनं हात वर केला. "होळीच्या आत, मिस्तरी."

"आत म्हणजे आतच," मिस्त्री म्हणाले. आणि पुढं चांदवडला चहा घेताना, मालेगावला पेट्रोल भरताना आणि धुळ्यात काहीच कारण नसताना, त्यांनी भेटेल त्याला सांगितलं, की सासुरवाडीला चाललोय खरा, पण मुक्काम लांबवता येणार नाही. नाशकात एका बाईंना बी पोचवायचं आहे, आणि ते माझ्या घरच्यांनी कबूल केलेलं आहे.