लॉन्झो स्टिडमचा घोट

लॉन्झो स्टिडम देवाची गाणी म्हणू लागला त्याआधी बाकीची सगळी गाणी म्हणायचा, आणि ती म्हणताना त्याला मागून कोणीतरी धरावं लागायचं. ते काम बहुधा माझ्याकडे येई, कारण मी बास वाजवतो आणि बासवाला मागेच उभा असतो. एका हाताने बास नीट वाजत नाही. त्या काळातलं आमचं संगीत कोणाला थोडं उणं वाटत असेल, तर त्याचं कारण हे आहे.

केंटकीतल्या आमच्या डोंगरी काउंटीत दारूबंदी आहे, त्यामुळे दारू कुठे मिळते हे इथल्या प्रत्येकाला अचूक ठाऊक असतं. लॉन्झोला तर डोळे मिटून सापडायची. आधी कोळशाची खाण, मग मोडलेली पाठ, मग पाठीसाठी गोळ्या आणि गोळ्या संपल्या की बाटली. हा रस्ता इथे इतका रुळलेला आहे की त्यावर पाट्या लावायची गरज उरलेली नाही. परत येणारे कमी. लॉन्झो परत आला तो ब्रशी क्रीकच्या बाप्टिस्ट चर्चच्या तळघरात. तिथे दर गुरुवारी दारू सोडलेले आणि सोडू बघणारे लोक जमतात आणि पातळ कॉफी पितात. कोळशाचे ट्रक चालवून निवृत्त झालेला क्लेटस नोबल तिथला जुना माणूस. त्याने लॉन्झोला आपल्या पंखाखाली घेतलं, म्हणजे आपला फोन नंबर दिला. "प्यायच्या आधी फोन कर," तो म्हणाला. "नंतर केलास तर उचलणार नाही. मला झोप प्यारी आहे."

न पिता काढलेल्या प्रत्येक वर्षाला तळघरात एक पितळी नाणं मिळतं. लॉन्झो सगळ्यात नवं नाणं शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि आपलं गाणं सुरू करण्याआधी ते गिटारच्या लाकडावर वाजवायचा, टक टक टक. गाणी त्याने पुष्कळ लिहिली, चांगली लिहिली, पण लोकांना एकच हवं असे. ओढ्यात उलटलेल्या पिकअपमध्ये शुद्धीवर आलेला माणूस, काचेवर चढत जाणारं पाणी, त्यातच केलेली प्रार्थना, आणि मग ती ओळ: 'त्या दिवसापासून थेंब नाही.' या ओळीला सगळं चर्च उभं राहायचं. तुरुंगात हे गाणं चालायचं, व्यसनमुक्ती केंद्रात चालायचं, अंत्यविधीला तर हटकून. त्याच्या बायकोने, आर्डिथने, काळ्या शर्टांवर पांढऱ्या अक्षरांत 'थेंब नाही' छापून घेतलं होतं आणि गाण्यानंतर ती टेबल मांडून ते विकायला बसायची. क्लेटस तो शर्ट घालून गवत कापायचा.

जुलैत आम्हाला तालुक्याच्या गावच्या एपिस्कोपल चर्चने गायला बोलावलं. दगडी इमारत, रंगीत काचा, आणि माणसं आमच्या रविवारच्या शाळेत असतात त्याहून कमी. त्यांना प्रार्थना पुस्तकात बघून करायची सवय. उठायचं कधी आणि बसायचं कधी, याचा आम्हाला शेवटपर्यंत अंदाज आला नाही. गाणी झाली. मग प्रभुभोजन सुरू झालं, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट, तशा तिथल्या मिस जॉर्जिना आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तुम्हीही या ना पुढे. इथे कोणी परकं नाही."

आमच्याकडे प्रभुभोजन वर्षातून दोनदा, आणि द्राक्षारस म्हणजे बाटलीतलं द्राक्षाचं सरबत, खोकल्याच्या औषधाच्या टोपणाएवढ्या प्लास्टिकच्या पेल्यांत. लहान मुलं दुसरा पेला मागतात. बाप्टिस्ट माणसाला चर्चमध्ये दारू असेल हे सुचणं म्हणजे दवाखान्यात म्हैस असेल हे सुचण्यासारखं आहे. शिवाय कोणी दोन्ही हातांनी पुढे केलेलं नाकारायचं नाही, हे आमच्या डोंगरात आईच्या दुधाबरोबर पाजलं जातं. आम्ही गेलो. वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकले. लॉन्झो माझ्या डावीकडे. मिस जॉर्जिना चांदीचा कप घेऊन त्याच्यापुढे वाकल्या, मग माझ्याकडे वळल्या. कप माझ्यापर्यंत आला तेव्हा त्यात तळाला थोडंसंच उरलं होतं. ही मंडळी काटकसरी आहेत, असं मी मनात म्हटलं, आणि मग चव लागली.

आम्ही परत निघालो, डोंगर चढलो.

"ती खरी वाइन होती," लॉन्झो म्हणाला.

"हो."

"तुलाही कळलं?"

"माझ्या जिभेने काही सोडलेलं नाही, लॉन्झो."

गुरुवारची बैठक सगळ्यांना खुली असते, म्हणून मीही गेलो. लॉन्झोने उभं राहून सांगितलं, आणि त्या तळघरात धर्मशास्त्राची अशी चर्चा झाली की वरच्या मजल्यावर कधी झाली नसेल. एक बाई म्हणाल्या, वाइन पवित्र केली की ती वाइन राहतच नाही. कोणीतरी म्हणालं, तसं कॅथलिक मानतात, एपिस्कोपल लोकांचं नक्की नाही, फोन करून विचारू या का? एकाने सुचवलं, वर्षातला एक दिवस वजा करावा आणि बाकीचं तसंच ठेवावं.

"झोपेत माशी गिळली तर तिला जेवण म्हणत नाहीत," क्लेटसने निकाल दिला. "चुकून झालं. नाणं ठेव तुझ्याकडे."

"ठीक आहे," लॉन्झो म्हणाला आणि लगेच खाली बसला.

सगळ्यांना हायसं वाटलं. क्लेटस मात्र त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

त्यानंतरच्या रविवारी आमच्या चर्चचा वार्षिक मेळा होता. कामधंद्यासाठी ओहायो-मिशिगनला गेलेले सगळे या दिवशी परत येतात. झाडांखाली लांब टेबलं लागतात, तळलेली कोंबडी, घेवड्याची उसळ, मक्याचा ब्रेड, आणि केळ्यांच्या पुडिंगवरून दरवर्षीची तीच दोन घराणी रुसतात. जेवणानंतर चर्चमध्ये गाणं. माणसं भिंतींना टेकून उभी. आर्डिथ शर्टांच्या टेबलाशी. आमची तीन गाणी झाली आणि मागून कोणीतरी ओरडलं, "थेंब घे, लॉन्झो!" आमच्याकडे त्या गाण्याची फर्माईश अशीच करतात.

लॉन्झोने खिशातून नाणं काढलं. मी सुराच्या तयारीत. पण ते लाकडावर वाजलंच नाही. त्याने ते हातात धरलं आणि तो माइकशी बोलू लागला.

"मागच्या रविवारचं तुम्ही ऐकलंच असेल."

ऐकलं होतं. आमच्या काउंटीत न ऐकलेलं असं काही राहत नाही.

"पहिल्यांदा चव लागली तेव्हा ती चूक होती," तो म्हणाला. "तिथपर्यंत क्लेटस म्हणतो ते बरोबर. पण त्या बाई कप मागे घेत होत्या. मी कपाच्या बुडाला दोन बोटं लावली आणि वर उचलला. तो घोट चुकून घेतलेला नाही. मी पुरतं ओळखून प्यायलो."

माझ्या बासवर एक तार आपोआप वाजली, ती मी हाताने दाबली.

"आणि मंगळवारी मी त्या बाईंना फोन केला. म्हटलं, मेळा झाला की पुढच्या रविवारी पुन्हा येतो, सकाळच्या प्रार्थनेला. पैसे नकोत. त्या फार खूश झाल्या. त्यांना वाटलं, मला त्यांची प्रार्थना भावली."

मग टेबलाशी उभी असलेली आर्डिथ बोलली, आणि तिला माइक लागत नाही.

"मंगळवारी कधी?"

"तू दुकानात गेली होतीस."

"तरी म्हटलं, हा माणूस स्वतःहून 'दुकानात जाऊन ये' का म्हणतोय!" तिने हातातला शर्ट टेबलावर टाकला. "पास्टरच्या खोलीत फोन आहे. जा आणि सांग येत नाही म्हणून. आत्ता."

"आर्डिथ, लोक थांबलेत."

"लोक जेवलेत. थांबतील."

लॉन्झो गिटार खाली ठेवून गेला. पास्टर, ब्रदर एमोरी, असल्या प्रसंगाचा सराव नसलेले गृहस्थ. त्यांनी सगळ्यांना एक जुनं भजन म्हणायला लावलं, त्याची सगळी कडवी संपली, मग पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. लॉन्झो परत आला तेव्हा कानाची पाळी लाल होती.

"काय म्हणाल्या त्या बाई?" ब्रदर एमोरींनी विचारलं.

"रडल्या. म्हणाल्या, छातीवर हात आडवे धरले की कप तुम्हाला न देता पुढे नेतात, हे आम्ही आधी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, बाई, तुम्ही सांगितलं असतं तरी बोटं माझीच होती."

क्लेटस पुढच्या बाकावरून उठला आणि त्याने तळवा पुढे केला. लॉन्झोने पितळी नाणं त्यावर ठेवलं. क्लेटसने दुसऱ्या खिशातून पांढरी प्लास्टिकची चकती काढली, पहिल्या दिवशी नवख्याला देतात ती.

"ही तू बरोबर आणलीस?" लॉन्झोने विचारलं.

"गुरुवारपासून खिशात आहे."

"गुरुवारी तर तूच म्हणालास, नाणं ठेव."

"म्हणालो. आणि तू लगेच ऐकलंस. माझं काही तू इतक्या चटकन ऐकल्याचं मला आठवत नाही." तो बाकावर जाऊन बसला. "आता गा. मला पुडिंग आणायचंय."

लॉन्झोने चकती लाकडावर वाजवून पाहिली. पितळेसारखी वाजत नाही, बद्द वाजते. तरी त्याने तीनदा वाजवली आणि गाणं सुरू केलं. पिकअप आला, ओढा आला, काचेवर पाणी चढलं. ती ओळ जवळ आली तसे लोक उठले खरे, पण नेहमीची ओळ म्हणायची की नाही हे कोणालाच कळेना, म्हणून सगळे तोंड उघडून त्याच्याकडे बघत राहिले. 'आजच्या दिवशी थेंब नाही,' तो म्हणाला. मात्रा बसत नव्हती, कमी पडत होती. मी एक ठोका थांबलो. दुसऱ्यांदा ती ओळ आली तेव्हा चर्चने ती उचलली. मात्रा तशीच कमी ठेवून.

मागे वळून बघितलं तर आर्डिथने रविवारच्या शाळेतून कपड्यांवर लिहायचा पांढरा रंग मागवून घेतला होता. शर्टांचा गठ्ठा समोर ओढून ती प्रत्येकावर छापील अक्षरांच्या वर हाताने 'आज' लिहीत होती. अक्षर वाकडं येत होतं. क्लेटस पुडिंगची वाटी घेऊन तिच्यापाशी थांबला.

"माझा जुना शर्ट आणून देऊ का लिहायला?"

"आण. पण धुऊन आण," आर्डिथ म्हणाली.

चकती नखीसारखी धरून गिटारच्या तारा छेडता येतात का तेही लॉन्झोने नंतर बघितलं. जाड पडते.