ओलं फडकं

तात्या माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघायचे. ज्यांचा जन्म माणसांची तोंडं घडवण्यात गेला, त्यांची ही रीत. आधी मान, मग कान, मग जबड्याची रेघ आणि राहिलाच वेळ तर नाकडोळे. कट्टा गावात एसटी स्टॉपसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे ते पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांच्याकडे पाठ करून मशीनमध्ये कागद भरत होते. वळले, तर एक उंच, काटकुळा माणूस माझ्या मानेचा अंदाज घेत उभा. मी आठी घातली. ते म्हणाले, "बाय, तुझी मान डावीकडे कलता. फोन खांद्यार धरून बोलतंस काय?"

बोलत होते. आजही बोलते, कारण हात मोकळे लागतात.

ते प्रदर्शनाच्या पाट्या छापायला आले होते. त्यांच्या कागदावर दोन शिल्पांना एकच नंबर होता आणि एका शिल्पाला नावच नव्हतं. मी तो कागद बाजूला ठेवला आणि त्यांना समोर बसवून नवी यादी केली. तेव्हापासून त्यांची प्रदर्शनं माझ्याकडे आली. कुठलं शिल्प कुठल्या खोक्यात, वजन किती, टेम्पो किती वाजता, चहा कोणाला बिनसाखरेचा, सगळं मी बघायची. गावात त्यांना 'मुंडकेवाले' म्हणत. त्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट फोनवर पत्ता सांगताना स्वतःच म्हणायचे, "तोंडवलीत येवन मुंडकेवाल्याचा घर खंय म्हणून विचारा."

घरामागे माडांच्या बागेत त्यांचा मांगर, म्हणजे सामानाची खोपी, होती. पूर्वी त्यात गवत आणि नारळाची सोडणं असायची, आता फिरत्या पाटावर मातीचं डोकं असायचं. दिवसाचं काम संपलं की त्या डोक्यावर ओलं फडकं गुंडाळायचं, म्हणजे खाऱ्या वाऱ्याने माती तडकत नाही. काम मनासारखं झालं की कोल्हापूरहून ओतारी यायचे, प्लास्टरचा साचा काढायचे आणि पुढे ब्राँझ ओतायचे. साचा काढताना आतली माती मोडून जाते. तात्यांना तो दिवस आवडायचा नाही. म्हणायचे, "माती ओली आसा तोवर माणूस बोलता. ओतलो काय गप."

फोटोवरून काम करायचं नाही, हा त्यांचा नियम. समोर माणूस बसला पाहिजे. एकदा आतल्या गावातले एक काजू कारखानदार वारलेल्या वडिलांचा हार घातलेला फोटो घेऊन आले. तात्यांनी फोटो हातात घेतला, उलटा केला, मागचा पुठ्ठा आणि खिळे नीट पाहिले आणि परत दिला. "हेंच्या पाठीमागे काय नाय हो," म्हणाले. कारखानदार चिडून गेले. जाताना तात्यांनी त्यांच्याच मानेची तारीफ केली, तर सहा महिन्यांनी ते स्वतः बसायला आले.

गोव्याच्या प्रदर्शनाला जाताना इन्सुलीच्या नाक्यावर आमचा टेम्पो अडवला. खोक्यात काय आहे, असं हवालदारांनी विचारलं. मी यादी काढेपर्यंत तात्यांनी उत्तर दिलं, "मुंडकी." टेम्पो बाजूला घ्यावा लागला. शिल्पं तात्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या, जुन्या साड्यांत गुंडाळलेली असत. हवालदारांनी एक साडी सोडली, आतून निघालेल्या ब्राँझच्या म्हातारीकडे बराच वेळ पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, ही माझ्या आतेसारखी दिसते. तात्या तोवर त्यांच्या कानाकडे बघत होते. "तुमचो कान बरो आसा. बसतल्यात काय?" मी तात्यांना गाडीत बसायला आणि हवालदारांना रस्त्यातून हटायला सांगितलं.

प्रदर्शनात आमचं एकच भांडण. मी सकाळी सगळी शिल्पं दाराकडे तोंड करून लावायची. दुपारपर्यंत तात्यांनी ती थोडी थोडी फिरवलेली असायची, म्हणजे आत येणाऱ्याला आधी मान दिसावी आणि तोंड बघायला त्याला वळसा घालावा लागावा. मुंबईच्या एका गॅलरीतल्या बाई मला म्हणाल्या, तुमच्या शिल्पकारांची माणसं रुसली आहेत का?

काकींचं शिल्प मात्र कधी झालं नव्हतं. त्या मांगरात चहा आणून ठेवत आणि तात्यांच्या पाठीला ऐकवत, "सगळ्या गावाची तोंडा केल्यात. माझा कधी करतल्यात?" तात्या मागे न बघता म्हणायचे, "तू खंय जातंस? करूया मगे." हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की मला तो त्यांच्यातला रामराम वाटायचा.

मग काकींना दुखणं निघालं. गोव्याच्या मोठ्या दवाखान्यातून परत आणलं तेव्हा डॉक्टरांनी काय सांगितलं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तात्यांनी मांगरात वेताची खुर्ची नेली आणि म्हणाले, "बस गो."

दहाबारा दिवसांत जे झालं तसं काम मी त्यांच्या हातून पाहिलं नव्हतं. भरलेले गाल, आंबाड्याखालची ती जाड, हट्टी मान आणि खालचा ओठ असा, की आता काहीतरी टोमणा येणार. मुंबईला त्यांचं मोठं प्रदर्शन ठरलं होतं. मी यादीत पहिल्या नंबरला 'काकी' लिहिलं आणि ओताऱ्यांना फोन करते म्हटलं. तात्या म्हणाले, "फाल्या बघूया."

तो फाल्या, तो उद्याचा दिवस, आलाच नाही. पुढच्या आठवड्यात काकींचे गाल बसले. मी मांगरात गेले तेव्हा तात्या पात्याने मातीचा गाल खरवडून काढत होते. मी त्यांचा हात धरला. होता तो चेहरा ठेवा म्हटलं, सगळ्यांना तोच आठवणार आहे म्हटलं. त्यांनी हात सोडवून घेतला. "कालचा तोंड आज खंय आसा? खोटा करू काय?"

त्यानंतर काकी उतरत गेल्या आणि माती त्यांच्या मागोमाग. आंबाडा गेला, मान बारीक झाली. तात्या रोज थोडं काढत होते. मी टेम्पो पुढे ढकलला, गॅलरीला कळवलं, ओताऱ्यांना थांबवलं. माझ्या हातात एवढंच होतं, ते मी नीट करत होते.

एका दुपारी तात्या विहिरीवर फडकं भिजवायला गेले तेव्हा काकींनी मला जवळ बोलावलं. "बाय, तेंका थांबव गो. बसाक जायना आता. आणि ह्या तोंड ठेवन कोणाक दाखवतले?"

मी विहिरीवर गेले. काकी थकल्या आहेत, पुरे करा, हे मी नेहमीसारखं मुद्देसूद सांगायला सुरुवात केली. तात्या फडकं पिळत ऐकत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मानेकडे नाही, सरळ डोळ्यांत. "मी थांबलंय तर ती रवात काय?"

 मी थांबलो म्हणून ती राहणार आहे का, असं ते विचारतात, हे मी परत जाऊन काकींना जसंच्या तसं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "रवांदे मगे. बसतंय मी. उशी दी पाठीक." मी उशी दिली. तात्या आले आणि कामाला लागले.

काकी गेल्या. बारावं-तेरावं झाल्यावर मला वाटलं, आता ओताऱ्यांना बोलवायला सांगतील. तात्यांनी शिल्पाला हात लावला नाही, वरचं फडकंही सोडलं नाही. रोज सकाळी तांब्याने त्याच्यावर पाणी तेवढं शिंपडायचे. मुंबईचं प्रदर्शन मी रद्द केलं. अधूनमधून विचारायची, तात्या, ओतायचं ना? ते म्हणायचे, "अजून ओला आसा गो."

यंदा तात्या बागेत पडले. अर्धांगाने उजवा हात गेला, बोलणं जेमतेम राहिलं. भाचीने त्यांना सावंतवाडीला नेलं. मांगराची किल्ली माझ्याकडे आहे. भाची रविवारी फोन लावून देते. तिकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येतो, मग एक शब्द येतो, "फडका?"

"भिजवलंय, तात्या," मी सांगते.

खरंच भिजवते. दुकान उघडण्याआधी स्कूटरने तोंडवलीला जाऊन येते. इतके दिवस झाकून ठेवलेली ओली माती आतून खचते, हे मी त्यांच्याकडूनच शिकले आहे. फडक्याखाली आता नाक असेल की नाही सांगता येत नाही. ओताऱ्यांचा नंबर माझ्याकडे आहे, त्यांना बोलवायला एक फोन पुरेल. तो मी करत नाही आणि फडकंही उघडत नाही.

तांब्या भरून घेते आणि शिल्पाच्या मागे जाऊन उभी राहते. आधी मानेवर पाणी घालते, मग कानांवर. तोंडाकडे शेवटी येते.