पोहे कांडायचं यंत्र, कर्जत आणि टांगणीला लागलेला माझा जीव

आमच्या घरात काळजी करायचं खातं माझ्याकडे आहे आणि मी ते मनापासून सांभाळते. त्यामुळे या सहलीला सहल म्हणावं का, हे तुम्हीच ठरवा.

माझी लेक मुक्ता कर्जत आणि खालापूरच्या मधल्या एका आंतरराष्ट्रीय विद्यापीठात शिकते. गेल्या महिन्यात विद्यापीठाच्या पानावर ताज्या बातम्यांत तिचा फोटो झळकला. तिने आणि तिच्या नेपाळच्या मैत्रिणीने, सृजनाने, पायाने चालवायचं पोहे कांडायचं यंत्र बनवलंय. जवळच्या ठाकूरवाडीतल्या बायकांना बरोबर घेऊन बनवलंय, असं बातमीत ठळक लिहिलं होतं. ते एका स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत पोचलं होतं आणि परदेशी परीक्षक ते बघायला येणार होते. मी ती बातमी सगळ्या नातेवाइकांना पाठवली, काहींना दोनदा. आणि नेमकी तेव्हापासून मुक्ता फोनवर एका शब्दात बोलायला लागली. "बरी आहेस ना?" "हो." "जेवलीस?" "हो." मन चिंती ते वैरी न चिंती. डेंग्यू, साप, प्रेमभंग, माझं सगळं चिंतून झालं. नवरा म्हणाला, "जाऊन ये बाई, म्हणजे मला झोप लागेल."

साताऱ्याहून मुंबईची एसटी पकडली. कंडक्टरला आधीच सांगून ठेवलं तर खालापूर टोलनाक्याशी उतरवतात. तिथून रिक्षा करा, पण भाडं बसण्याआधी ठरवा. मला भेटले खोपोलीचे अन्वरभाई. तीनशे म्हणाले, मी अडीचशे म्हटलं आणि चौक गावाला पोचेपर्यंत त्यांना माझी सगळी चिंता ठाऊक झाली होती. "पोरगी फोनवर कमी बोलते म्हनून एवढ्या लांबून आलाव?" ते म्हणाले. "आमची पनवेलला शिकते, ती तर फोनच उचलत नाय. टेन्शन नका घेऊ, ताई." रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलं होतं, कुठे कुठे कापणीही चालू होती. ऊन मात्र ऑक्टोबरचं, त्यामुळे टोपी आणि पाणी विसरू नका.

विद्यापीठाच्या दारातच यशाचा मोठा फलक आहे. त्यावर मुक्ता हसत होती, शेजारी वाडीतल्या हिराबाई. फलकाखाली उभी असलेली खरी मुक्ता मात्र उतरलेल्या तोंडाची होती. कँटीनमध्ये इडली पुढ्यात घेऊन तिने एकदाचं सांगितलं.

बातमी आली त्याच आठवड्यात हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात तयार झालं होतं. उत्साहाच्या भरात या दोघींनी वाडीतल्याच एकाकडून नवं भात घेतलं, हिराबाईंच्या अंगणात यंत्र चालवलं, गरम पोहे स्वतः खाल्ले आणि जमलेल्या पोरांनाही वाटले. हिराबाई तेव्हा शेतावर होत्या. वाडीत नवं पीक आधी देवाला दाखवतात, मग माणसं खातात. त्याला ते 'नवं' म्हणतात. यंदा हिराबाईंचे चुलतसासरे वारले, म्हणून नवं लांबलं होतं. सुतकात, देवाच्या आधी, पोरांच्या तोंडी नवं धान्य गेलं. दुसऱ्या दिवसापासून वाडीतली एकही बाई यंत्राकडे फिरकली नव्हती. परीक्षक परवा येणार होते.

"माफी मागितलीस?"

"तीनदा गेले, आई. त्या चहा देतात आणि गप्प बसतात."

ते मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

मुक्काम पळसदरीला केला. खोली साधी, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी झकास. धरणाकाठी संध्याकाळ छान जाते म्हणे. मी ती 'आता काय होणार' या एकाच विचारात घालवली, तेव्हा वर्णन दुसऱ्या कुणाच्या ब्लॉगवर वाचा.

सकाळी कर्जत स्टेशनाबाहेरचा वडा खाऊन मी आणि मुक्ता अन्वरभाईंच्या रिक्षाने डोंगराच्या पायथ्याशी गेलो. पुढे चढण आहे, चपला नकोत, बूट घाला. हिराबाई खळं सारवत होत्या. हात धुऊन त्यांनी चहा टाकला आणि गप्प बसल्या. शेवटी मीच तोंड उघडलं.

"पोरीचं चुकलं हो."

"पोर वाईट नाय, ताई," त्या म्हणाल्या. "पन इचारायचं व्हतं ना गं? आमची सासू दोन दिस जेवली नाय. पोरांना काय झालं तर, शेताला काय झालं तर, हेच तिच्या मनात."

काळजीचं हे खातं मला बरोबर ओळखू आलं. तरीही आईचं मन स्वार्थी असतं. मी म्हटलं, "सुतक तर फिटलंय ना आता? मग नवं उद्या सकाळीच उरकून घेतलं तर..."

मुक्ताने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"भगत देवाला इचारून दिस सांगंल तवा," हिराबाई शांतपणे म्हणाल्या. "तवर नव्या भाताला मुसळ नाय लागायचं. आनि जुनं भात श्रावणातच सपलं. आमी नाय येनार, ताई."

उतरताना मुक्ता माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिली. विद्यापीठात तिच्या सरांनी तोडगा काढून ठेवला होता. शेजारच्या कडाव गावात नवं होऊन गेलंय, तिथून भात आणा, यंत्र तुम्ही दोघी चालवा. मला तो पटलाही. माणूस सासरचं नाही तर माहेरचं खातोच की! पण मुक्ता म्हणाली, "फलकावर यंत्र त्यांचं म्हणून छापलंय. त्यांनी नको म्हटल्यावर दुसऱ्या गावचं भात घालून चालवलं, तर ते त्यांचं कसं?" सृजना तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आमच्या घरीपण नवीन धान्य आधी देवाला. मला माहीत होतं, मावशी. तरी विसरले."

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं. इतर चमूंची यंत्रं घरघरली, दिवे लुकलुकले, टाळ्या पडल्या. या दोघींनी यंत्र ठेवलं आणि वाडीचं नवं झालेलं नाही, म्हणून आज ते चालणार नाही, एवढं सांगितलं. आपली चूकही सांगितली. परीक्षकांनी माना डोलावल्या, वह्यांत काही लिहिलं आणि बक्षीस पाणी तपासणाऱ्या चमूला दिलं. मी मुक्ताला म्हटलं, "मला अजिबात वाईट वाटलेलं नाही." साफ खोटं होतं. मला रागच आला होता. परीक्षकांचा, भगताचा, आणि थोडा माझ्या गुणी मुलीचाही. बक्षीसही गेलं आणि वाडीही गेली, असंच माझ्या मनात होतं. टोलनाक्यावर सोडताना अन्वरभाईंनी भाडं कमी घेतलं, यावरून माझं तोंड कसं झालं असेल ते समजा.

घरी येऊन आता पंधरवडा होत आला. विद्यापीठाच्या पानावर दुसऱ्याच बातम्या आल्या आहेत. तुम्ही या भागात जाणार असाल तर भात कापणीच्या दिवसांत जा, पण कुणाच्या अंगणातलं काही तोंडात टाकण्याआधी विचारा. आमच्या सहलीतून उरलेला सल्ला एवढाच, असं मी लिहून ठेवलं होतं.

काल दुपारी जेवत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. मुक्ताला काही झालं, या खात्रीनेच मी तो उचलला.

"ताई, हिराबाई बोलतेय. आज नवं झालं. तुमची पोर आन ती दुसरी, दोगी आमच्यात जेवल्या. सासूनं सोताच्या हातानं वाडलं."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"पोर लई रडली, ताई. मिरची लागली म्हनली."

फोन ठेवला तर नवरा माझ्याकडे बघत होता. "काय झालं? रडतेस का?"

मीही मिरचीचंच नाव सांगणार होते, पण ताटात दहीभात होता.